नाका, निधी आणि आपली बाग

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीनं विषय वाटून दिले. कुणाकडं गणेशोत्सवाच्या आठवणी गेल्या, कुणाकडं बोअरची गोष्ट, आणि माझ्याकडं आला हिशोब. "बाई, तुम्ही शाळेत इतिहास शिकवला आणि इथं खजिनदारी केली, आता दोन्ही एकत्र करा," असं अध्यक्षांनी सांगितलं. हिशोबाची पानं कुणी वाचत नाही हे मला चांगलं माहीत आहे. वार्षिक अहवाल हातात आला की आपण सगळे आधी आपल्या नावापुढं थकबाकी दिसते का ते बघतो, मग शेजाऱ्याच्या नावापुढची बघतो, आणि अहवाल टीव्हीच्या मागं जातो.

या वर्षी मात्र तो वाचावा लागणार आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढं एक ठराव येतोय. मधल्या मोकळ्या जागेत रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून चांगली बाग करायची, पायवाट, कट्टा, लेकरांना घसरगुंडी, दाराशी कमान; आणि खर्चासाठी सिंकिंग फंडाची बँकेतली ठेव मोडायची. बाग व्हावी असं मलाही वाटतं. ठेव मोडावी असं वाटत नाही. माझं म्हणणं सभेत मांडीनच, पण त्यामागं जो इतिहास आहे तो सभेच्या गडबडीत सांगता येत नाही. म्हणून तो इथं लिहिते. तो बराचसा आपल्याच मातीतला आहे.

आपल्या गावाच्या नावातच नाका आहे. हिंगोलीहून वाशिमला जाताना इथं मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागतं. निजामाच्या राज्यात सीमेवरची जकात गोळा करणाऱ्या खात्याला करोडगिरी म्हणत. राज्याच्या हद्दीवर जिथं जिथं नाके होते तिथं मालावर साधारण शेकडा पाच या दरानं वसुली व्हायची. हद्दीच्या इकडं हाली सिक्का चालायचा, तिकडं कलदार. शंभर कलदार रुपयांना साधारण एकशे सोळा ते सतरा हाली रुपये पडत. म्हणजे वाशिमच्या बाजारात बैल विकून इकडं आलेल्या माणसाला घरी पोचायच्या आधीच दोन प्रकारचे हिशोब करावे लागत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. नाक्याचं कारण संपलं, नाव राहिलं.

पण ही हद्द इथंच काहून पडली? शाळेत हा प्रश्न मी दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी मुलं "पैनगंगेमुळं" म्हणायची. पैनगंगा तर आधीपासून होतीच. 1853 पर्यंत नदीच्या दोन्ही बाजूंना राज्य निजामाचंच होतं. हद्द पडली ती एका निधीमुळं.

ती गोष्ट अशी. कंपनी सरकारच्या दबावाखाली निजामानं इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज उभी केली. तिचं नाव पुढं हैदराबाद कंटिन्जंट पडलं. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेन्सीचा. या फौजेची एक छावणी आपल्या हिंगोलीला होती. फौजेचा पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा लागतो. निजामाचा महसूल हंगामाला यायचा, तोही तालुकदारांच्या हातून गळत गळत. मग मधल्या काळात कर्ज. विल्यम पामर आणि कंपनी नावाच्या पेढीनं शेकडा चोवीस-पंचवीस व्याजानं कर्ज दिलं. ते इतकं फुगलं की मेटकाफ नावाच्या रेसिडेंटला त्यात हात घालावा लागला. 1823 मध्ये ते कसं फेडलं ते बघा. उत्तर सरकार या तेलुगू मुलखापोटी कंपनी निजामाला दरसाल सात लाख रुपये पेशकश देत होती. कायमची, पिढ्यान् पिढ्या येणारी रक्कम. तिच्या बदल्यात एकदम 1 कोटी 16 लाख 66 हजार रुपये घेतले आणि पामरचं देणं भागवलं. सहा टक्के व्याजानं सात लाख देणारी ठेव म्हणजे किती, हे गणित मांडलं की हाच आकडा येतो. थोडक्यात, हैदराबाद राज्यानं आपली फिक्स डिपॉझिट मोडली. जुनं देणं फिटलं. फौजेचा खर्च होता तसाच राहिला, आणि पुन्हा थकू लागला.

तीस वर्षांनी थकबाकी चाळीस लाखांच्या पुढं गेली. डलहौसी गव्हर्नर-जनरल होता. 21 मे 1853 ला निजाम नासिरुद्दौला यांच्याशी तह झाला. त्यात ठरलं की किमान पाच हजार पायदळ आणि दोन हजार घोडदळ कंपनी बाळगेल, आणि त्याच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूर दोआब हे सुमारे पन्नास लाख महसुलाचे प्रांत कंपनीकडं लावून दिले जातील. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा. महसुलातून आधी कारभाराचा आणि फौजेचा खर्च भागवायचा, उरेल तो पैसा निजामाला द्यायचा आणि दरसाल हिशोब दाखवायचा.

आजच्या भाषेत याला राखीव निधी म्हणतात. पैसा एका नावाच्या कप्प्यात, कप्प्याचं काम ठरलेलं, शिल्लक मूळ मालकाची, हिशोब वर्षाला. कागदावर हे फार चोख होतं. आपल्या उपविधींपेक्षाही चोख, असं मी वर्गात म्हणायची. त्या तहानं वऱ्हाड वेगळ्या कारभाराखाली गेलं आणि आपल्या दारात परक्या अंमलाची हद्द आली.

पुढं काय झालं? सात वर्षांनी, 26 डिसेंबर 1860 ला दुसरा तह झाला. 1857 च्या उठावात निजामानं इंग्रजांची बाजू सोडली नव्हती, त्याचं बक्षीस म्हणून पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. सगळ्यांचं लक्ष या मिळालेल्या गोष्टींवर होतं. त्याच तहात एक कलम होतं की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजामानं यापुढं मागायचा नाही, मागचाही मागायचा नाही. शिल्लक राहिली तर देऊ. पण कारभारावर किती खर्च करायचा हे सर्वस्वी इंग्रज सरकार ठरवेल.

माझ्या मते वऱ्हाड गेलं ते या कलमानं. मुलूख अजून निजामाच्या नावावर होता, निधीचं नाव तेच होतं, काम तेच होतं. फक्त हिशोब मागायचा हक्क गेला. त्यानंतर अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, वऱ्हाड श्रीमंत झालं. तरी शिल्लक किती निघावी हे कारभार किती खर्चिक ठेवायचा यावर ठरणार होतं, आणि तो ठरवणारा कुणाला जबाबदार नव्हता. सालारजंगांनी 1870 च्या दशकात वऱ्हाड परत मागण्यासाठी जंग जंग पछाडलं, 1876 मध्ये विलायतेपर्यंत गेले. काही मिळालं नाही. 1902 मध्ये कर्झननं मीर महबूब अली खान यांच्याशी करार केला : वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं, वर्षाला पंचवीस लाख रुपये ठोक. वर्षभरातच कंटिन्जंट वेगळी फौज म्हणून उरली नाही, ती हिंदुस्थानी सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी मोडली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड लावून दिलं होतं ती फौजच संपली, आणि वऱ्हाड काही परत आलं नाही. 1903 मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं. पंचवीस लाख मात्र ठरल्याप्रमाणं पंचवीसच लाख राहिले.

एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण, निधी बुडतो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कुणीतरी पेटी उचलून पळतोय असं चित्र येतं. वऱ्हाडच्या बाबतीत कुणी पेटी पळवली नाही. सगळं सहीशिक्क्यानिशी झालं.

आता आपल्या संस्थेकडं येते. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि त्यानंतर वर्षभरात आपली नोंदणी झाली. पहिली काही वर्षं हिशोब आपल्या एका गुरुजींकडं होता. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. जुन्या सभासदांना ओळखायला अडचण पडणार नाही. गुरुजींकडं बँकेच्या पासबुकाबरोबर खाकी पाकिटं असायची. एकावर 'पाणी', एकावर 'लाईट', एकावर 'झाडं'. महिन्याची वर्गणी हातात आली की ती तिथल्या तिथं पाकिटांत वाटली जायची. ठेवीचा पैसा बँकेत, तो पाकिटात कधी येत नसे. एकदा लाईटबिलाला तीनशे रुपये कमी पडले. झाडांच्या पाकिटात होते. गुरुजींनी ते घेतले, पण आत चिठ्ठी टाकली : लाईटकडून येणे 300. पुढच्या महिन्यात ते परत आल्यावर चिठ्ठी फाडली. तेव्हा पोरं हसायची, "गुरुजी, खिसा तर एकच आहे!" त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "खिसा एक असला तरी देणेकरी वेगळे आहेत बाबा."

मोठमोठ्या महापालिकांचे लेखापाल संगणकावर जे करतात त्याचं सार त्या चिठ्ठीत होतं. एका निधीतून दुसऱ्याला पैसा देता येतो, पण तो उसना असतो, आणि उसना आहे हे लिहिलेलं असावं लागतं.

माझ्या खजिनदारीच्या काळात याची खरी परीक्षा 2016 च्या उन्हाळ्यात झाली. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, हे सगळ्यांना आठवत असेल. आपलं बोअर मार्चअखेर आटलं. टँकरवर दिवस काढायचे होते आणि पाण्याच्या खात्यात पैसे नव्हते. झाडांच्या खात्यात होते, कारण झाडांना घालायला पाणीच नव्हतं. कार्यकारी समितीनं ठराव केला, झाडांच्या खात्यातून टँकरसाठी उसने घेतले. ते परत करायला आपल्याला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांच्या ताळेबंदात ती रक्कम दोन्हीकडं दिसते : एका बाजूला झाडांना येणे, दुसऱ्या बाजूला पाण्याचं देणे. सभेत कुणीतरी विचारायचं, "बाई, हे अजून फिटलं नाही का?" मला त्या प्रश्नाचा राग यायचा नाही. तो प्रश्न होता म्हणूनच ते फिटलं. नंतर लावलेली कडुनिंबाची आणि करंजाची रोपं त्याच परत आलेल्या पैशातली आहेत.

मग सिंकिंग फंडातून असंच उसनं घेऊन बाग का करू नये, असं कुणी म्हणेल. म्हणतातच. त्याचं उत्तर या फंडाच्या स्वभावात आहे, आणि त्याला स्वतःचा जुना इतिहास आहे.

सिंकिंग शब्दाचा अर्थ बुडणं, म्हणून आपल्याकडं काही जण त्याला गमतीनं बुडीत फंड म्हणतात. मूळ कल्पना इंग्लंडातली, कर्ज बुडवण्याची म्हणजे फेडून संपवण्याची. तिथं 1717 मध्ये राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी असा फंड सुरू झाला. त्यामागं डोकं होतं रॉबर्ट वॉलपोलचं. 1733 मध्ये त्याच वॉलपोलनं, पंतप्रधान असताना, त्यातून पाच लाख पौंड चालू खर्चासाठी उचलले. कारण काय, तर जमिनीवरचा कर वाढवावा लागू नये, जमीनदार खूश राहावेत. विरोधकांनी ओरड केली, पण पैसे गेले, आणि एकदा पायंडा पडल्यावर पुढं जातच राहिले. पुढं 1786 मध्ये धाकट्या पिटनं नवा फंड काढला तेव्हा तो सरकारच्या हाताला सहज लागू नये म्हणून वेगळ्या आयुक्तांकडं सोपवला. ज्यानं फंड सुरू केला त्यालाच तो मोडायचा मोह झाला, हे मला या गोष्टीत सगळ्यात खरं वाटतं. वाईट माणसाची गरज नसते त्याला.

आपल्याकडं हा फंड सहकारी कायद्याबरोबर आला. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904 चा. घरांसाठी सहकार करायची कल्पना मुंबईत रुजली ती 1915 मध्ये, गावदेवीच्या सारस्वत सोसायटीत. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यासाठी जन्म घातला. आज आपल्याला लागू आहे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960. त्यातल्या 66 व्या कलमानं नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकायचा, 70 व्या कलमानं निधी कुठं गुंतवायचा ते ठरलेलं, 81 व्या कलमानं लेखापरीक्षण. आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंकिंग फंड : जमिनीची किंमत सोडून बांधकामाचा जो खर्च, त्याच्या दरसाल किमान 0.25 टक्के. शिवाय दुरुस्ती-देखभालीसाठी 0.75 टक्के. सिंकिंग फंड वापरायचा तो इमारत नव्यानं बांधायला, किंवा वास्तुविशारदानं गरज प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीला. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि निबंधकांची आधी परवानगी.

मागच्या वर्षी एका मामांनी मला जिन्यातच अडवलं. "पैसा आपला, बँक आपली, मग सरकारची परवानगी काहून?" प्रश्न रास्त आहे. पण 'आपला' म्हणजे कुणाचा? या फंडात पहिल्या वर्षी पैसे भरणारे काही सभासद आज हयात नाहीत. काहींनी घर विकलं आणि ते औरंगाबादला, पुण्याला गेले. त्यांनी भरलेला हिस्सा इथंच राहिला. आणि तो ज्यांच्या कामी येणार ते बहुतेक आज पाळण्यात आहेत किंवा अजून यायचे आहेत. आज सभेला हजर राहून हात वर करणारे आपण मधले लोक. सभेत जे बसलेले नाहीत त्यांच्या वतीनं कुणीतरी एकदा विचारावं, एवढाच त्या परवानगीचा अर्थ मी घेते.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. समजा इमारती बांधल्या तेव्हा बांधकामाला साठ लाख लागले. 0.25 टक्के म्हणजे वर्षाला पंधरा हजार. पंचवीस वर्षांत पावणेचार लाख, व्याज धरून त्याहून जास्त. ऐकायला बरी रक्कम वाटते. पण हे टक्के पंचवीस वर्षांपूर्वीच्या खर्चावर काढलेले आहेत. आज त्याच भिंती, तीच गच्ची नव्यानं बांधायची तर सिमेंट, लोखंड, गवंड्याची मजुरी काय झाली आहे ते आपल्यापैकी ज्यांनी नुकताच वरचा मजला चढवला त्यांना विचारा. हा फंड नियमाप्रमाणं पूर्ण भरला तरी कमी पडणारच आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी मागच्या इमारतीची गच्ची गळायला लागली, तेव्हा नुसतं वॉटरप्रूफिंग करताना दुरुस्तीच्या खात्याचा तळ दिसला होता.

आता बागेचं. बागा फुलवायचा उत्साह आणि त्या जगवायचा खर्च यांची गाठ पडत नाही, हा अनुभव नवा नाही. मुंबईची राणीची बाग आपण सगळ्यांनी सहलीत पाहिली आहे. भायखळ्याला ती 1862 मध्ये खुली झाली. ती काढली होती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेनं. काळ कसा होता बघा : अमेरिकेत युद्ध पेटलेलं, वऱ्हाड-गुजरातचा कापूस मुंबईतून विलायतेला जात होता, शहरात पैशाचा पूर आलेला. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस आणि शेअर दोन्ही कोसळले. बाग काढणारी ती संस्था काही टिकली नाही आणि 1873 मध्ये बाग नगरपालिकेच्या गळ्यात आली. झाडं मात्र वाचली, कारण त्यांचा खर्च दरसाल करणारं कुणीतरी मिळालं.

तेव्हाच्या मुंबईच्या नगरपालिकेचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आर्थर क्रॉफर्ड हा कर्तबगार आयुक्त होता. रस्ते केले, गटारं केली, मोठी मंडई बांधली. पण हिशोबाला कुणी विचारणारं नाही म्हटल्यावर खर्चाला धरबंध राहिला नाही. 1871 मध्ये करदाते रस्त्यावर आले, आणि 1872 च्या कायद्यानं निवडून दिलेले सभासद आणि हिशोबाची नियमित तपासणी या दोन्ही गोष्टी शहराला एकदमच मिळाल्या. काम चांगलं झालं होतं, हे कुणी नाकारत नव्हतं. कामं चांगली म्हणून हिशोब नको, हे त्यांना मान्य नव्हतं. (क्रॉफर्डच्या त्या मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे. पुण्याच्या मंडईलाही त्यांचंच. त्याच फुल्यांनी 1882 मध्ये हंटर कमिशनपुढं मागणी केली होती की शेतकऱ्याकडून गोळा होणाऱ्या लोकल फंडातला निम्मा तरी पैसा प्राथमिक शिक्षणाला लावा. कोणाकडून काय म्हणून घेतलं आणि कुठं लावलं, हे विचारणारा तो माणूस होता.)

आज मुंबई महापालिका शिक्षणाचा आणि पाणी-मलनिःसारणाचा अर्थसंकल्प वेगळा मांडते. शहरांत झाडांसाठी 1975 च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरण असतं. आपल्या ग्रामपंचायतीकडं बघा. पंचायतीचा सगळा पैसा ग्रामनिधीत येतो, पण पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या अनुदानात बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते. बंधित साठ टक्के, ते फक्त स्वच्छतेला आणि पिण्याच्या पाण्याला. उरलेले चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणं. सरपंचांनी ठरवलं तरी पाण्याच्या पैशातून कमान बांधता येत नाही. आपल्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की बागेसाठी पंचायतीकडं मागू. पण आपल्या कुंपणाच्या आतली, रात्री आपण कुलूप लावतो ती बाग हा गावाचा खर्च कसा होईल? गेट गावाला उघडायची तयारी असेल तर ती गोष्ट वेगळी, मग त्यावर जरूर बोलू.

म्हणून माझी सूचना अशी आहे. बागेचा स्वतंत्र निधी करावा, बँकेत त्याचं वेगळं खातं असावं. एकदाच लागणारा खर्च, म्हणजे पायवाट, कट्टे, घसरगुंडी, हा देणग्यांतून करावा, आणि जेवढे जमतील तेवढ्यातच करावा. कमान शेवटी. दर महिन्याचा खर्च, म्हणजे माळी, पाणी, मोटारीची वीज, खत, यासाठी घरटी पन्नास रुपये वेगळे घ्यावेत. बत्तीस घरांचे वर्षाला एकोणीस हजार दोनशे होतात. तेवढ्यात अर्धवेळ माळीसुद्धा बसत नाही, हे मी आधीच सांगते. म्हणजे एक तर पन्नासाचे शंभर करावे लागतील, किंवा हिरवळ सोडून द्यावी लागेल. आपल्या भागात उन्हाळ्यात हिरवळ पोसणं मला तरी परवडणारं वाटत नाही. सावलीची झाडं, मुरमाची पायवाट आणि चार बाकडी, एवढ्यावर लेकरं खूश राहतात.

काही तरुण सभासदांचं म्हणणं मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, इमारत पडेल तेव्हा पडेल, आमची लेकरं आज लहान आहेत. ती मोठी झाल्यावर बाग काय कामाची? बँकेत पैसा कुजतोय आणि पोरं रस्त्यावर ट्रकच्या मधून सायकली चालवतात. नाक्यावरची वाहतूक बघता ही काळजी मलाही आहे. माझी स्वतःची नात याच लेकरांत आहे. म्हणूनच बाग लांबवा असं मी म्हणत नाही. याच दिवाळीत जमेल तेवढी सुरू करा, पैसा मात्र आपल्या खिशातून येऊ द्या. झाडांच्या खात्यातली शिल्लक तर आहेच, ती त्याच कामाची आहे, ती हक्कानं वापरा.

आणि सभेनं बहुमतानं ठेव मोडायचंच ठरवलं, निबंधकांनीही परवानगी दिली, तर निदान गुरुजींची चिठ्ठी आत टाका. किती घेतले, किती हप्त्यांत, कधीपर्यंत परत, बागेच्या खात्यातून की वर्गणी वाढवून, हे ठरावातच लिहा, आणि फिटेपर्यंत दरवर्षीच्या ताळेबंदात वेगळ्या ओळीत छापा.

2000 पासूनची जमाखर्चाची पुस्तकं, लेखापरीक्षण अहवाल आणि 2016 च्या टँकरचा ठराव कार्यालयाच्या लोखंडी कपाटात आहेत. 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते, त्याआधीच्या प्रत्येक रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथं असेन. कुणालाही कोणतंही पान बघता येईल. गुरुजींची तीन पाकिटंही मी जपून ठेवली आहेत. झाडांच्या पाकिटात एक चिठ्ठी अजून आहे, पंप दुरुस्तीकडून येणे 140. ती कुणी फेडली नाही की गुरुजी फाडायची विसरले, ते जुन्या सभासदांपैकी कुणाला आठवत असेल तर येऊन सांगा.